हे आधीच ठरलंय!

(मंडळाच्या निधी-संकलन कार्यक्रमात केलेले भाषण)



जेवणाच्या आधी बोलायची वेळ माझ्यावर आली आहे आणि आतून मसालेभाताचा वास येतो आहे, तेव्हा माझी मर्यादा मला माहीत आहे. पुस्तिकेत छापायचं म्हणून लिहून आणलंय, त्यामुळे अधूनमधून कागदात डोकावलो तर सांभाळून घ्या.

विषय तुमच्या-माझ्या रोजच्या ओळखीचा आहे. मंडळात नवीन आलेला माणूस दुसऱ्या-तिसऱ्या मीटिंगलाच असा एखादा प्रश्न विचारतो, ज्यावर आपण पूर्वी दोन-दोन तास भांडून झालेलो असतो. 'गणपती चतुर्थीलाच का नाही बसवत, शनिवारी का?' 'नाटकाला लहान मुलांचंही तिकीट कशाला?' मागच्या रांगेतून कोणीतरी सुस्कारा सोडतं, आणि मग ते वाक्य येतं: 'हे आधीच ठरलंय.' नवीन माणूस गप्प बसतो. पुढच्या मीटिंगला तो येईलच असं नाही.

गणपतीचं उत्तर खरं तर सोपं आहे. शाळेचा हॉल आपल्याला शनिवार-रविवारीच मिळतो, आणि बुधवारी सकाळी रजा कोण काढणार! हे सांगायला दहा सेकंद लागतात. तरी आपण सांगत नाही. मला वाटतं, जुन्या माणसाला वाद आठवतो, कोण कोणाला काय बोललं ते तर शब्दशः आठवतं, कारण मात्र विसरायला होतं. आपली इतिवृत्तं काढून बघा. 'चर्चेअंती सर्वानुमते ठरले.' चर्चा काय झाली? ती चहाच्या रिकाम्या कपांबरोबर गेली. नवीन माणसाच्या हातात येतो तो नुसता निर्णय. भाड्याच्या घरात आधीच्या भाडेकरूने ठोकलेला खिळा दिसतो ना, तसा. त्याला काय टांगलं होतं ते आपल्याला माहीत नसतं, म्हणून आपण विचारतो, 'हा काढू का?'

शिवाय आपल्याला तो प्रश्न सातव्यांदा ऐकू येत असला, तरी विचारणारा तो पहिल्यांदाच विचारत असतो. इथे नोकऱ्या बदलतात, व्हिसा बदलतात, माणसं गाव बदलतात. दर तीन-चार वर्षांनी या हॉलमधले कितीतरी चेहरे नवे असतात. तेव्हा प्रश्न परत येणारच. तो विचारणाऱ्याचा आगाऊपणा आहे असं मला वाटत नाही.

आता थोडं माझ्या धंद्यातलं सांगतो. सॉफ्टवेअरमध्ये हा आजार फार जुना आहे आणि त्यावर काही लोकांनी चांगला इलाज केला आहे. पायथन नावाची प्रोग्रॅमिंगची भाषा आहे. गिदो व्हॅन रॉसम या डच माणसाने ती १९९१ मध्ये जगापुढे ठेवली. सी किंवा जावा शिकून आलेला कोणीही तिथे गेला की पहिल्या आठवड्यात विचारायचा, 'अहो, तुमच्याकडे स्विच स्टेटमेंट कसं नाही?' प्रोग्रॅमिंग न करणाऱ्यांसाठी: पाकिटावरचा पिनकोड बघून पाकीट त्या-त्या खणात टाकायचं, तशी ही सोय. 'नाही' हे उत्तर नुसतं तोंडी दिलं असतं तर तीस वर्षं हाच संवाद चालला असता. पण त्या मंडळींनी २००० सालापासून एक पद्धत ठेवली. कोणतीही मोठी सूचना रीतसर लिहायची, तिला क्रमांक द्यायचा, आणि नामंजूर झाली तरी ती फाडायची नाही. नामंजुरीच्या कारणासकट जपून ठेवायची. या कागदांना ते 'पेप' म्हणतात.

स्विचची सूचना २००१ मध्ये आली, क्रमांक २७५. पुन्हा २००६ मध्ये आली, क्रमांक ३१०३, आणि या वेळी लिहिणारे स्वतः गिदो होते. २००७ च्या पायथन परिषदेत भाषण करताना त्यांनी समोरच्या लोकांना विचारलं, हे कोणाला हवंय? फारसं कोणाला नको होतं. त्यांनी आपलीच सूचना नामंजूर केली आणि तसं त्या कागदावर लिहून ठेवलं. आपल्याकडे अध्यक्षांनी स्वतःचाच ठराव असा मागे घेतल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. असो.

खरी गंमत पुढे आहे. २०२० मध्ये हा विषय पुन्हा उघडला गेला, आणि उघडणाऱ्यांत परत गिदो होतेच. पण आता मागणी तीच नव्हती. नुसता पिनकोड वाचायचा नव्हता. पाकीट उघडायचं, आत चेक आहे की पत्र आहे की लग्नपत्रिका ते ओळखायचं आणि ज्याची त्याची गोष्ट बाहेर काढून द्यायची, अशी जास्त कामाची सोय होती. जुने नकार कागदावर होते, त्यामुळे कोणत्या मुद्द्यांना नव्याने उत्तर द्यायचं ते सगळ्यांना माहीत होतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये ती मंजूर झाली आणि ऑक्टोबर २०२१ च्या ३.१० आवृत्तीत आली. २००६ मध्येच त्यांनी 'काय बदलणार नाही' याचीही एक यादी केली होती, क्रमांक ३०९९. तीत थोडा थट्टेचा सूर आहे: यातलं काही सुचवावंसं वाटलं तर कॉम्प्युटरपासून उठा, बाहेर जा, मजा करा. हे आपल्या कार्यकारिणीत म्हणून बघा!

आता आजच्या मुद्द्यावर येतो, म्हणजे तुमच्या पैशांवर.

या कार्यक्रमाची तयारी चालू असताना एका मीटिंगमध्ये नुकत्याच इथे आलेल्या एका मुलीने विचारलं, "काका, मी माझ्या खात्यातून गावच्या शाळेला सरळ पैसे पाठवते. मंडळामार्फत कशाला द्यायचे? आणि मंडळाने तरी थेट शाळेलाच का नाही पाठवायचे?" काका म्हणाले, "अगं, ते तसं चालत नाही. हे आपण खूप पूर्वीच ठरवलंय." ती म्हणाली, "पण मी पाठवतेय की!"

मंडळी, दोघांचंही बरोबर होतं. भारतात परदेशी देणग्यांबद्दल जो कायदा आहे, एफसीआरए, सध्याचा २०१० चा, तो देणारा कुठे राहतो हे बघत नाही, नागरिकत्व बघतो. भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाने परदेशात राहून स्वतःच्या बचतीतून, रीतसर बँकेमार्फत दिलेले पैसे परदेशी देणगी धरत नाहीत. संस्थेने त्याच्या पासपोर्टचा तपशील घेऊन ठेवावा, एवढंच. काका अमेरिकन नागरिक झाले, ओसीआय कार्ड आहे, मराठी आपल्या सगळ्यांपेक्षा चांगलं आहे, पण त्यांची देणगी कायद्याने परदेशी. आपलं मंडळ इथे नोंदलेलं, म्हणून मंडळाची देणगीसुद्धा परदेशी. ती फक्त एफसीआरए नोंदणी किंवा सरकारची पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच घेता येते. गावच्या शाळेकडे ती नसते. काकांना उत्तर त्यांच्यापुरतं माहीत होतं आणि तिला तिच्यापुरतं.

पण मग मंडळामार्फत का द्यायचं, हा तिचा प्रश्न उरतोच. त्यालाही कारण आहे. भारतातल्या संस्थेला थेट दिलेल्या देणगीवर इथे आयकरात सवलत मिळत नाही. इथल्या ५०१ सी ३ संस्थेला दिली तर मिळू शकते. आणि ज्यांच्या कंपन्या देणगीइतकीच भर घालतात, त्या साधारणपणे अशाच संस्थांना देतात. थेट पाठवलेल्या शंभर डॉलरचे शंभरच राहतात, इकडून गेलेल्या शंभराचे कधीकधी दोनशे होतात. आता ठरवा. दोन्ही करणारेही आहेत, त्यांना माझा नमस्कार.

यातून आणखी एक गोष्ट निघाली, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. आपण पूर्वी एका मोठ्या संस्थेला पैसे देत होतो आणि ती पुढे लहान-लहान संस्थांना वाटत होती. त्याचं कारण चांगलं होतं. आश्रमशाळा चालवणाऱ्या माणसाने मुलं सांभाळायची की आपल्याला इंग्रजीत अहवाल लिहायचे? कागदपत्रांचं ओझं मोठ्या संस्थेने उचलायचं, अशी ती व्यवस्था. ती सप्टेंबर २०२० पर्यंत चालली. त्या महिन्यात कायद्यात दुरुस्ती झाली आणि परदेशी देणगी घेतलेल्या संस्थेने ती दुसऱ्या संस्थेला देणं पूर्ण बंद झालं, घेणाऱ्या संस्थेची नोंदणी असली तरीही. शिवाय कार्यालयीन खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली, आणि सगळ्या परदेशी देणग्या दिल्लीत स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यायच्या असं ठरलं. मेळघाटातली संस्था असो की कोकणातली, खातं दिल्लीत.

म्हणजे जिच्यावर आपला निर्णय उभा होता ती वाट बंद झाली होती. संस्थेने पैसे वाटणं वेळीच थांबवून स्वतःच्या कामावर वापरायला सुरुवात केली, त्यामुळे कायद्याच्या बाजूने काही चुकलं नाही. पण आपल्यातले बरेच देणगीदार अजून असंच समजत होते की आपला पैसा त्या लहान शाळांना जातो. नव्या मुलीने विचारलं नसतं, तर यंदाच्या पत्रकातही तेच वाक्य गेलं असतं.

जुन्या मंडळींना मी दोष देत नाही. त्यांनी हे मंडळ उभं केलं, घरच्या गॅरेजमध्ये खुर्च्या ठेवल्या, आणि तोच तो प्रश्न सातव्यांदा ऐकल्यावर कोणालाही कंटाळा येईल. प्रत्येक नव्या माणसाबरोबर प्रत्येक वाद पहिल्यापासून घालावा, असंही माझं म्हणणं नाही. तसं केलं तर गणपती दिवाळीत बसेल. पण कारण लिहिलेलं असलं की नवा माणूस ते आधी वाचतो आणि मग बोलतो. त्याच्याकडे खरंच नवीन काही असेल तर ते पाच मिनिटांत कळतं, नसेल तर तो स्वतःच 'अच्छा' म्हणतो. माझा तरी आमच्या टीममधला अनुभव असा आहे.

म्हणून या पुस्तिकेच्या शेवटी यंदा एक पान जास्त आहे. देणगीबद्दलचे आपले निर्णय, प्रत्येकासमोर तारीख, कारण, आणि 'हे कशामुळे बदलू शकेल' असा एक रकाना. शेवटचा रकाना भरताना कार्यकारिणीत बरीच वादावादी झाली आणि दोन ठिकाणी तो अजून रिकामा आहे. कोणाला भर घालायची असेल, विशेषतः इथे सी.ए. आणि वकील मंडळी बसली आहेत त्यांनी, तर जेवताना मला गाठा. ज्या लहान शाळांचा उल्लेख केला, त्यांपैकी ज्यांची स्वतःची एफसीआरए नोंदणी आहे त्यांची नावं शोधायचं काम सुरू आहे. त्यांचे अहवाल मराठीत आले तर आपण इथे बसून इंग्रजीत करू शकतो. त्यासाठी चार माणसं हवी आहेत. प्रश्न विचारणारी ती मुलगी एक, मी दुसरा. दोन जागा शिल्लक आहेत.

देणगीचे फॉर्म दाराजवळच्या टेबलावर आहेत. कंपनीची भर मागायचा फॉर्म वेगळा आहे, आणि बऱ्याच कंपन्यांची त्याला मुदत असते, ती तेवढी बघून घ्या. चला, जेवायला.