तिला विचारलं होतं का?

(वाचनगटाच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा सारांश)



हेदर मॉरिस यांची ‘द टॅटूइस्ट ऑफ ऑशविट्झ’ ही २०१८ सालची कादंबरी आपण या वेळी वाचली. नाझींच्या छळछावणीत कैद्यांच्या हातावर नंबर गोंदणारा लाले आणि त्याची गीता ही खरी माणसं. दोघंही स्लोव्हाकियातले ज्यू. दोघं वाचले, त्यांनी लग्न केलं, ऑस्ट्रेलियात संसार थाटला. वाचताना माझेही डोळे भरून आले.

पण मला बोलायचंय ते गीताच्या मैत्रिणीबद्दल, सिल्काबद्दल. तीही खरी. मार्च १९४२ मध्ये स्लोव्हाकियाहून ऑशविट्झला ज्यूंची पहिली गाडी गेली, ती जवळजवळ हजार मुली-बायकांची, बहुतेक तरुण आणि अविवाहित. कामाला नेतो, असं त्यांना सांगितलं होतं. सिल्काही अशीच कोवळ्या वयात तिथे पोचली. कादंबरीत छावणीचा अधिकारी तिच्यावर वारंवार बलात्कार करतो. जगायचं म्हणून ती सोसते. ‘सिल्काज जर्नी’ या २०१९ च्या कादंबरीत युद्धानंतर तोच तिचा गुन्हा ठरतो आणि तिला सोव्हिएत श्रमछावणीत धाडलं जातं.

सोसणं म्हणजे संमती नव्हे, हे लेखिकेने ठामपणे मांडलं. ‘मग ती राहिलीच कशी?’ हा प्रश्न आपणही सल्लाकेंद्रात नेहमी ऐकतो. म्हणून ही मांडणी मला मोलाची वाटते.

तरीही एक गोष्ट खटकते. ऑशविट्झ स्मारकाच्या संशोधकांनी पहिल्या कादंबरीतल्या अनेक चुका दाखवल्या. सिल्काच्या सावत्र मुलाने तिच्या चित्रणावर आक्षेप घेतला. उत्तर द्यायला सिल्का हयात नव्हती.

म्हणजे छावण्यांत लैंगिक अत्याचार झालेच नाहीत का? झाले. १९४३ पासून ऑशविट्झमध्ये कैदी स्त्रियांना ठेवलेलं वेश्यागृह होतं. वाचलेल्या कित्येक जणी लाजेने, भीतीने आयुष्यभर गप्प राहिल्या. ज्यूंच्या या संहारातल्या स्त्रियांच्या अनुभवांवर पहिली परिषद भरली तीच मुळी १९८३ साली, न्यूयॉर्कला. इतकी वर्षं कुणी विचारलंच नाही, तिथे कादंबरीकाराला कल्पना करावी लागते, हे मी समजू शकते. पण मग नावही कल्पनेतलं असावं. खऱ्या बाईच्या नावावर आपण रचलेला बलात्कार लिहायचा हक्क कुणाला आहे?

आपणही पथनाट्यांत, अहवालांत बायकांच्या कहाण्या मांडतो. हेतू चांगलाच असतो. पण पुढची कहाणी लिहायला बसण्याआधी एवढं स्वतःला विचारू या: तिला विचारलं होतं का?