बिननावाच्या इंजिनांचे सोबती



आपल्याकडे प्रवासी गाड्यांना काय सुंदर नावे आहेत! डेक्कन क्वीन, महालक्ष्मी, कोयना, पंजाब मेल. मालगाडीला मात्र नाव नाही. फलाटावर तिची कुणी वाट पाहत नाही. ती आली की फाटक बंद होते आणि आपल्या कपाळावर आठी चढते. मग तिच्या इंजिनाकडे कोण कौतुकाने पाहणार?

पण पाहणारे आहेत. हातात वही, गळ्यात कॅमेरा, पाठीवर पाण्याची बाटली घेऊन ही मंडळी एखाद्या पुलावर किंवा घाटातल्या वळणाजवळ तासन्‌तास थांबतात. स्वतःला ‘रेलफॅन’ म्हणवतात. त्यांच्यात विद्यार्थी आहेत, बँकेतले कारकून आहेत, निवृत्त मास्तरही आहेत. आणि त्यांतल्या अनेकांचा जीव जडला आहे तो जुन्या डिझेल इंजिनांवर.

या इंजिनांचे घराणे अमेरिकन. ‘अल्को’ कंपनीची इंजिने १९६२ साली भारतात आली. त्यांना ‘डब्ल्यूडीएम-२’ म्हणत. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, डी म्हणजे डिझेल आणि एम म्हणजे प्रवासी व माल अशी दोन्ही कामे करणारे. ताकद २,६०० अश्वशक्ती. पुढे वाराणसीच्या कारखान्यात तीच इंजिने तयार होऊ लागली. १९६९ साली अमेरिकेत अल्कोने आपला कारखाना बंद केला. पण त्यांचा वंश आपल्याकडे वाढतच राहिला. खास मालगाड्यांसाठी ‘डब्ल्यूडीजी-३ए’ हे ३,१०० अश्वशक्तीचे, सुमारे १२३ टन वजनाचे इंजिन त्याच घराण्यातले. वजन जास्त, म्हणून रुळावर पकड घट्ट. चढावर अवजड गाडी ओढताना ही पकडच कामाला येते.

रेलफॅन काय पाहतो? तो आधी क्रमांक वाचतो. १३ किंवा १४ने सुरू होणारा पाच आकडी क्रमांक दिसला, तर ते बहुधा डब्ल्यूडीजी-३ए. मग अंगावर लिहिलेले शेडचे नाव: पुणे, गुत्ती, काझीपेठ. त्यावरून कळते, याची देखभाल कुणाच्या हातची. रंग कोणता, डागडुजी कुठे झाली, इंजिनाची लांब बाजू पुढे आहे की आखूड, हे सारे तो टिपतो. लांब बाजू पुढे असली की ड्रायव्हरला त्या अवाढव्य धुडाच्या कडेने सिग्नल शोधावा लागतो. वहीतल्या एका ओळीमागे अशी एका माणसाची कसरत असते.

मी कवितेचा माणूस. मला ओढ वाटली ती लयीची. मिरजेत सतार जुळवणारा कारागीर तार छेडताच सूर कुठे हलला ते सांगतो. तसे हे रेलफॅन डोळे मिटून सांगतात, ‘अल्को आले!’ ते उभे असतानाही त्याची धडधड सुटी सुटी ऐकू येते. १९९९पासून आलेल्या ४,००० अश्वशक्तीच्या ‘डब्ल्यूडीजी-४’ इंजिनाचे यंत्र निराळ्या पद्धतीचे. त्याची गुणगुण सलग.

आणि धूर? गाडी हलवताना ड्रायव्हर इंधन वाढवतो. ते तत्काळ पोहोचते. पण जादा हवा पुरवणारा टर्बो बाहेर पडणाऱ्या वायूंवर फिरत असल्याने वेग घ्यायला थोडा वेळ लावतो. तेवढ्या वेळात हवा अपुरी पडते, इंधन नीट जळत नाही आणि काळा लोट आकाशात चढतो. रेलफॅन त्याचा फोटो काढतो. पण शेडजवळच्या वस्तीत वाळत घातलेल्या कपड्यांवर हाच धूर बसत होता आणि ही धडधड ड्रायव्हरच्या कानांवर वर्षानुवर्षे आदळत होती, हेही विसरून चालणार नाही.

म्हणून विजेची इंजिने आली याचे दुःख करू नये. कोकण रेल्वेवर १९९९ साली मालट्रक रेल्वेच्या वाघिणींवर चढवून नेण्याची सेवा सुरू झाली. ते ट्रक बोगद्यांतून ओढत नेले डिझेल इंजिनांनीच. २०२२ साली त्या संपूर्ण मार्गावर वीज आली. आता देशातल्या बहुतेक ब्रॉडगेज मार्गांवर विजेची तार आहे. जुन्या डिझेलांपैकी काहींच्या नशिबी भंगार, काहींच्या परदेश. २०२० साली अल्को घराण्यातली १० इंजिने बांगलादेशाला दिली गेली. वाराणसीत तर दोन डब्ल्यूडीजी-३ए इंजिनांचे रूपांतर करून १०,००० अश्वशक्तीचे विजेवर चालणारे जोड-इंजिन तयार झाले.

इंजिने जावीत, पण त्यांच्याबरोबर त्यांची आठवणही जावी का? अमेरिकेतून आलेल्या पहिल्या खेपेतले एक इंजिन दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आहे. ते देखणे आहे, पण मुके आहे. त्याचा आवाज कुठल्या काचेच्या कपाटात ठेवणार? ज्या गाड्यांनी आपला कोळसा, सिमेंट, खत आणि रेशनचा गहू वाहिला, त्यांचे रोजचे जगणे सरकारी अहवालात टनांच्या आकड्यांत उरते. एखाद्या पावसाळी संध्याकाळी कोणते इंजिन, कोणत्या शेडचे, कोणत्या चढावर कसे कण्हत गेले, हे फक्त या हौशी माणसांच्या वह्यांत आणि ध्वनिफितींत सापडेल. कष्टाचा इतिहास असाही लिहिला जातो, कुणी न सांगता, पदरचे पैसे खर्चून.

रेलफॅन मित्रांना मात्र एक सांगणे. फोटोसाठी रुळांत उतरू नका, परवानगी लागते तिथे ती घ्या. आणि इंजिनाबरोबर माणसांचीही नोंद करा. तुमच्या गल्लीत एखादा निवृत्त ड्रायव्हर असेल, शेडमधला फिटर असेल. बिघाड नुसत्या आवाजावरून ओळखणारे ते कान अजून आपल्यात आहेत. त्यांच्याजवळ बसा, त्यांना बोलते करा. इंजिनाचे सुटे भाग कुठे ना कुठे मिळतील. ही माणसे गेली की त्यांची विद्या कुठल्याच शेडमध्ये मिळणार नाही.