नाव सापडेना तेव्हा

मी कविता लिहितो आणि पोटासाठी कचेरीत कारकुनी करतो. संगणकावर बोलण्याचा अधिकार माझा नाही. तरी एका सोमवारची हकिकत सांगतो.

आमचे निवृत्त शिपाईमामा सकाळी दहालाच बाकावर येऊन बसले होते. त्यांचा पेन्शनचा प्रस्ताव त्याच दिवशी पुढे जायला हवा होता आणि सगळे कागद सर्व्हरवर. ‘आस्थापना’ हे त्या सर्व्हरचं नाव. मी संगणक सुरू केला, तर या नावाचं काही सापडतच नाही!

कुणी म्हणालं व्हायरस. कुणी केबल हलवून पाहिली. एकानं तर चाचांच्या कवितांचा भार झाला, असं निदान केलं. शेवटी ठरलं, संगणक फॉरमॅट करा. माझ्या पोटात गोळा आला. चार वर्षांच्या सेवापुस्तकांच्या नोंदी त्याच यंत्रात होत्या आणि त्यांची दुसरी प्रत मी कधी काढली नव्हती.

तेवढ्यात देखभालीचा मुलगा आला. त्यानं आधी शेजारच्या टेबलावर पाहिलं. तिथं ‘आस्थापना’ व्यवस्थित उघडत होतं. म्हणजे सर्व्हर जिवंत, दुखणं माझ्याच यंत्राचं. मग त्यानं काळ्या खिडकीत सर्व्हरचा क्रमांक टाकून ‘पिंग’ केलं. लगेच उत्तर आलं. “चाचा, रस्ता चालू आहे. तुमच्या यंत्राला फक्त पत्ता चुकीचा माहीत आहे.”

संगणक एकमेकांना नावानं ओळखत नाहीत, क्रमांकानं ओळखतात. नावं आपल्या सोयीची. नावावरून क्रमांक सांगणारी जी व्यवस्था, ती डीएनएस. सुरुवातीला, म्हणजे अमेरिकेतल्या अर्पानेटच्या काळात, सगळ्या यंत्रांची नावं एकाच यादीत असत. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांचा चमू ती यादी सांभाळी. यंत्रं वाढली, यादी आवरेना, तेव्हा १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली. आता एकच वही नाही. प्रत्येकानं आपल्या हद्दीतली नावं सांभाळायची आणि विचारणाऱ्याला सांगायची. (माझं स्वतःचं नाव शाळेच्या दाखल्यावर एक, रेशन कार्डावर दुसरं आणि बँकेत तिसरं आहे. माझ्यासाठी अशी व्यवस्था कुणी केली नाही.)

मुलानं ‘एनएसलुकअप’ चालवलं. डीएनएस सर्व्हरनं ‘आस्थापना’चा क्रमांक बरोबर सांगितला. त्याच नावानं पिंग केलं, तर यंत्र भलत्याच क्रमांकाकडे धावलं. तो हसला. मला काही कळेना. तेव्हा त्यानं समजावलं, एनएसलुकअप थेट डीएनएस सर्व्हरला विचारतं. पिंग मात्र आधी यंत्राच्या स्वतःच्या आठवणीत पाहतं. दोन उत्तरं वेगळी आली, की चोर घरातच. त्यानं ‘फ्लश डीएनएस’ची आज्ञा देऊन साठलेली आठवण पुसली. तरी जुनाच क्रमांक!

“मग होस्ट्स फाइल,” तो म्हणाला. ती जुनी यादी पूर्णपणे गेली नाही, हे मला तेव्हा कळलं. प्रत्येक विंडोज यंत्रात तिची एक छोटी वंशज असते आणि यंत्र डीएनएसला विचारण्याआधी तिचंच ऐकतं. फाइल उघडली. शेवटच्या ओळीत ‘आस्थापना’ आणि सर्व्हरचा जुना क्रमांक. शनिवारी नवा सर्व्हर बसवला, क्रमांक बदलला; सर्वांना कळलं, माझ्या यंत्राला नाही.

ही ओळ कुणी लिहिली? माझ्याच सांगण्यावरून लिहिली गेली होती. दोन वर्षांपूर्वी डीएनएस बंद पडलं, तेव्हा मीच दुसऱ्या एका मुलाच्या मागं लागलो होतो, “तात्पुरतं काहीतरी कर बाबा, पगारबिलं अडलीत.” त्यानं तात्पुरतं केलं. आम्ही दोघंही विसरलो.

मी हे कबूल केलं. मुलगा काही बोलला नाही. ओळीच्या आधी त्यानं हॅशचं चिन्ह टाकलं. तसं केलं की यंत्र ती ओळ वाचत नाही. त्याच ओळीशेजारी मी तारीख लिहायला लावली. ‘आस्थापना’ उघडलं. दुपारी पेन ड्राइव्ह मागवून सेवापुस्तकांच्या नोंदींची प्रत काढली, पण त्याआधी प्रस्ताव छापला.

“भाऊसाहेब, सही कुठं करू?” मामांनी विचारलं. मी बोट ठेवलं. त्यांनी सावकाश, एकेक अक्षर जुळवत आपलं पूर्ण नाव लिहिलं.