दुकानासाठी फ्रीज घेण्यापूर्वी

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त बेळगाव येथे भरलेल्या सभासद-मेळाव्यातील व्याख्यान)



मी शाळेत विज्ञान शिकविणारा मास्तर. व्यापाराचा मला अनुभव नाही. तरीही या विषयावर मी बोलावे असा आग्रह विश्वस्तांनी धरला, याला कारण आहे. आपला ट्रस्ट गरजू कुटुंबांना धंद्यासाठी बिनव्याजी रक्कम देतो. त्यातून कोणी खानावळ काढतात, कोणी दूध-दह्याचे दुकान, कोणी मटणाचे. या रकमेचा मोठा वाटा बहुधा फ्रीजमध्येच जातो. हप्ते वेळेवर फिटले, तर तेच पैसे पुढच्या घरी जातात. पण यंत्र चुकीचे निघाले, तर नासलेला माल, विजेचे बिल आणि हप्ता अशा तिन्ही बाजूंनी ते घर अडचणीत येते, आणि मागे वाट पाहणारे दुसरे घरही तसेच राहते. म्हणून हा प्रश्न आपणा सर्वांचा आहे.

फ्रीज थंडी निर्माण करतो, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः तो आतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकणारा हमाल आहे. त्याची मागची किंवा खालची जाळी हाताला गरम लागते ती यामुळेच. हमाल ठरविताना ओझे किती, खेपा किती आणि वाट कशी, हे आपण विचारतो. फ्रीज घेतानाही हेच तीन प्रश्न विचारावेत.

प्रथम ओझे. वीस लिटर दूध उकळल्यावर ९० अंशांवरून थेट ५ अंशांवर आणावयाचे, तर यंत्राला ८५ अंशांची उष्णता उपसावी लागते. तेच पातेले आधी थंड पाण्यात ठेवून, ढवळून ३५ अंशांवर आणले, तर उरतात ३० अंश. म्हणजे ओझे जवळजवळ एक-तृतीयांश झाले. मात्र हे निवविणे भरभर झाले पाहिजे. कारण ५ ते ६० अंशांच्या दरम्यान अन्न रेंगाळले, की त्यात जंतू झपाट्याने वाढतात. तयार अन्न ५ अंशांवर किंवा त्याखाली, आणि गोठविलेला माल उणे १८ अंशांवर, हे माप ध्यानात ठेवावे.

दुसरे, खेपा. घरचा फ्रीज दिवसातून थोड्या वेळा उघडतो. दुकानातला सारखा उघडझाक सोसतो. उभ्या कपाटाचे दार उघडताच जड थंड हवा पायाशी सांडते. वरून झाकण असलेल्या डीप फ्रीझरमध्ये ती तळाशीच राहते. म्हणून मटण किंवा मासळी गोठलेली ठेवण्यास डीप फ्रीझर चांगला. पण त्यात ताज्या मांसाचा मोठा गोळा टाकू नये. बाहेरून तो कठीण होतो आणि मधला भाग बराच वेळ गरम राहतो. लहान, चपट्या पिशव्या कराव्यात. काचेच्या दाराचा कूलर हा बाटल्या, ताक, श्रीखंडाचे डबे मांडण्यासाठी आहे. खानावळीतल्या उसळी-रश्शासाठी जाड दाराचे, आत पंखा असलेले स्टीलचे कपाटच हवे.

तिसरी, वाट. आपल्या ओळखीच्या एका भगिनीने स्वस्तात मिळाला म्हणून जुना काचेचा कूलर घेतला आणि भट्टीशेजारी भिंतीला टेकवून ठेवला. यंत्र दिवसरात्र घरघरत असे आणि दुपारपर्यंत उसळ आंबे. पुढे तोच कूलर बाहेरच्या सोप्यात, भिंतीपासून वीतभर अंतरावर ठेवला. आता त्यात फक्त ताक आणि सरबत असते, आणि तक्रार उरली नाही. आंतरराष्ट्रीय चाचणीत वर्ग ४ म्हणजे ३० अंशांची हवा, वर्ग ५ म्हणजे ४० अंशांची. भट्टी असलेल्या जागेसाठी वर्ग ५ मागून घ्यावा. शिवाय आपल्या बेळगावच्या पावसात हवा ओलसर असते, काचेवर दव धरते. तेव्हा दाराचे रबर सैल नाही ना, हे कागदाची पट्टी दारात धरून पाहावे. पट्टी सहज निसटली, तर रबर निकामी समजावे.

आता हिशेब. किंमत आपण एकदा देतो, वीज रोज देतो. एक यंत्र दिवसाला ६ युनिट घेते आणि दुसरे ९ युनिट, असे धरू. वर्षाला फरक १,०९५ युनिटांचा. युनिटला ८ रुपये धरले, तर ८,७६० रुपये. स्वस्त यंत्राची सवलत अशी एक-दोन वर्षांतच संपते. डीप फ्रीझरसाठी बी.ई.ई.ने २०२० साली तारांकित लेबलाची योजना सुरू केली. ते लेबल विचारावे. वायू कोणता, हेही विचारावे. आर-२९० हा प्रोपेन असून वातावरणास फार कमी घातक आहे, परंतु तो ज्वालाग्राही आहे. दुरुस्तीला जाणता कारागीरच हवा. असा कारागीर आणि सुटे भाग गावात मिळतात काय, आणि हमी सबंध यंत्राची की केवळ कॉम्प्रेसरची, हे पावती फाडण्यापूर्वी ठरवून घ्यावे.

शेवटी एक विनंती. कर्ज मागणाऱ्या प्रत्येकाने दुकानात जाण्यापूर्वी सात दिवस एक वही ठेवावी: रोज किती माल, किती गरम, दार किती वेळा उघडले, वीज किती वेळ गेली. ते पान अर्जासोबत जोडावे. आणि विश्वस्तांनी प्रत्येक कर्जदारास रकमेबरोबर एक साधा थर्मामीटर भेट द्यावा. तो फ्रीजमध्ये ठेवून सकाळ-संध्याकाळ पाहिला, तर गिऱ्हाइकाचे पोट, दुकानाची अब्रू आणि ट्रस्टचा पैसा, तिन्ही सुरक्षित राहतील.