ओळख आणि पडताळणी



कालिदासाच्या शाकुंतलात ‘अभिज्ञान’ म्हणजे ओळख पटवणारी खूण. दुर्वासांच्या शापाने दुष्यंताला विस्मरण झाले आणि खुणेची अंगठी पाण्यात पडली. शकुंतला समोर उभी असूनही राजाने तिची ओळख नाकारली. आज त्या अंगठीचे काम ‘बायोमेट्रिक’ पद्धतीकडे आले आहे. ग्रीक भाषेत ‘बायोस’ म्हणजे जीवन आणि ‘मेट्रॉन’ म्हणजे माप. बोटांचे ठसे, डोळ्यांची बुबुळे, चेहरा यांचे मापन करून व्यक्ती ओळखणे, हा या शब्दाचा व्यवहारातील अर्थ.

या विद्येचा एक महत्त्वाचा अध्याय भारतात लिहिला गेला. १८५८ मध्ये बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या करारपत्रावर त्याच्या हाताचा ठसा घेतला. १८९७ मध्ये कलकत्त्यात बोटांच्या ठशांचे स्वतंत्र कार्यालय सुरू झाले. ठशांचे वर्गीकरण सिद्ध करण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांचा मोठा वाटा होता. ती पद्धत मात्र त्यांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्री यांच्या नावाने जगभर गेली. माणसे ओळखण्याच्या विद्येतच दोन माणसांची ओळख अशी मागे पडली.

या शब्दाच्या पोटात दोन भिन्न क्रिया आहेत. ‘ही व्यक्ती कोण?’ या प्रश्नासाठी एका ठशाची तुलना साठवलेल्या असंख्य ठशांशी होते; ती ओळख. ‘ही व्यक्ती स्वतःला जी म्हणवते, तीच आहे का?’ या प्रश्नासाठी एकाच नोंदीशी तुलना होते, ती पडताळणी. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात पहिले आधार क्रमांक दिले गेले. आधारची नोंदणी होताना पहिली क्रिया घडते. शिधावाटप दुकानात अंगठा ठेवताना दुसरी.

हा भेद जाणणे पालकांसाठी अगत्याचे आहे. यंत्र माणसाला जाणत नाही. ते दोन नमुन्यांतील साम्य मोजते. कष्टाने झिजलेली किंवा वार्धक्याने सुरकुतलेली बोटे कित्येकदा जुळत नाहीत. मुलांची शरीरे तर वाढती असतात. म्हणूनच पाच वर्षांखालील बालकाचे ठसे आधारसाठी घेतले जात नाहीत आणि पाचव्या व पंधराव्या वर्षी बायोमेट्रिक नोंद अद्ययावत करावी लागते. ती वेळेवर करणे हे पालकांचे कर्तव्य. पण एखादी नोंद राहिली म्हणून मूल परके ठरत नाही. शाळाप्रवेशासाठी आधारची सक्ती करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात स्पष्ट केले आहे.

यंत्राने ‘जुळत नाही’ म्हटले, तर त्याचा अर्थ एवढाच की त्या क्षणी दोन नमुने जुळले नाहीत. समोरची व्यक्ती खोटी आहे, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. खिडकीच्या अलीकडे उभ्या असलेल्या वृद्धाने त्यामुळे खजील होऊ नये आणि पलीकडे बसलेल्याने दुसरा पुरावा पाहण्यास नकार देऊ नये. उद्या या शाळेचे कितीतरी विद्यार्थी खिडकीच्या पलीकडे बसतील. त्यांनी एवढे स्मरणात ठेवावे : अंगठी हरवली, तरी शकुंतला शकुंतलाच होती.