शेकाचे पंधरा दिवस



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर इतिहास, वाङ्मय, अर्थकारण असे विषय शोभतात. वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. तेव्हा येथे अशा विषयांना तोटाही नाही. आम्ही मात्र आज असा विषय घेतला आहे की, जो आपल्या घरांत अजून दार लोटून बोलला जातो. स्त्रीच्या स्तनात गाठ आढळली, ती कर्करोगाची ठरली, सुदैवाने वेळेवर कळली, शस्त्रक्रियाही नीट पार पडली. आणि मग डॉक्टर म्हणाले की, आता किरणोपचार घ्यावे लागतील. ह्या उपचाराला आपल्याकडे 'शेक' म्हणतात. तो शेक त्या बाईने आणि तिच्या घराने कसा निभावून न्यावा, एवढाच आमचा विषय आहे. कोणाला कोणता उपचार द्यावा हे तिचे डॉक्टर ठरवतील. तो अधिकार आमचा नव्हे.

पहिला प्रश्न घरोघरी एकच निघतो. गाठ तर काढून टाकली, मग पुन्हा शेक कशासाठी? शेतकऱ्याला ह्याचे उत्तर चटकन समजेल. निंदण झाले, वावर स्वच्छ दिसू लागले, म्हणजे तण संपले असे कोणी मानत नाही. मातीत राहिलेले बी डोळ्यांना दिसत नसते. शस्त्रक्रियेने दिसणारी गाठ जाते. तिच्या आसपास न दिसणाऱ्या पेशी राहिल्या असतील, तर त्यांच्यासाठी किरण आहेत.

ह्यामागे शंभर वर्षांचा विचार आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील हॅलस्टेड ह्या शल्यविशारदाने संपूर्ण स्तन, त्याखालील स्नायू आणि काखेतील गाठी एकदम काढण्याची रीत रूढ केली, आणि पुढे कित्येक दशके तीच चालली. त्याच सुमारास, १८९५ साली राँटगेनला क्ष-किरण सापडले आणि १८९८ साली क्यूरी दांपत्याने रेडियम शोधले. ह्या किरणांच्या साहाय्याने स्तन वाचवता येईल काय, हा प्रश्न मग उभा राहिला. अमेरिकेत बर्नार्ड फिशर आणि इटलीत व्हेरोनेसी ह्यांनी तो कसोटीला लावला. वीस वर्षे स्त्रियांची नोंद ठेवून दोघांनीही २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. योग्य रुग्णांत केवळ गाठ काढून किरण दिले, तरी आयुर्मान संपूर्ण स्तन काढल्याइतकेच राहते, असे त्यांना आढळले. फिशर ह्यांच्या पाहणीत नुसती गाठ काढलेल्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे ३९ जणींत वीस वर्षांत त्याच स्तनात रोग परतला. किरण घेतलेल्यांत हे प्रमाण सुमारे १४ होते. त्या ३९ आणि १४ ह्यांतील अंतर म्हणजेच शेक.

हे केवळ परदेशचे शास्त्र आहे असेही नाही. मुंबईच्या परळ भागात १९४१ साली सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८० ते २००० ह्या काळात स्तन वाचवून उपचार झालेल्या १०२२ भारतीय स्त्रियांचा अभ्यास डॉ. केतायून दिनशॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. डॉ. दिनशॉ ह्या स्वतः किरणोपचाराच्याच तज्ज्ञ होत्या.

आता शेक देतात कसा ते पाहू. पूर्वी आठवड्याचे पाच दिवस, असे पाच आठवडे किरण देत. पुढे ब्रिटन आणि कॅनडातील चाचण्यांनी दाखवून दिले की, सुमारे तीन आठवड्यांत, पंधरा-सोळा वेळांतही तेच साधते. आणि २०२० साली ब्रिटनमधून काही रुग्णांसाठी पाच दिवसांच्या क्रमाचाही निष्कर्ष आला. डॉक्टर रुग्णागणिक क्रम ठरवतात. शनिवार-रविवार बहुधा सुटी असते. सगळी मात्रा एकदम का देत नाहीत, असे पुष्कळ लोक विचारतात. किरणांचा घाव निरोगी पेशींवरही पडतो. पण त्या रात्रीतून आपली डागडुजी करून घेतात, रोगट पेशींना ती तितकीशी साधत नाही. म्हणून थोडे थोडे, पण न चुकता द्यायचे. यंत्र बंद पडले किंवा सुटी आली, तर डॉक्टर त्याची भरपाई योजतात. आपण होऊन मात्र खंड पाडू नये.

भीतीपैकी निम्मी अज्ञानाची असते. पहिल्या दिवशी किरण देतच नाहीत. मापे घेतात आणि अंगावर बारीक ठिपके गोंदतात, म्हणजे रोज नेम त्याच जागी लागावा. मग रोज बाईला खोलीत एकटीला निजवतात. बाहेरून तिला पाहता येते, तिच्याशी बोलता येते. किरण चालू असतात ते काही मिनिटेच. ते दिसत नाहीत, चटका बसत नाही, वेदना होत नाही. डाव्या बाजूला शेक असेल तर कित्येक ठिकाणी श्वास भरून धरायला शिकवतात, कारण त्यामुळे हृदय किरणांच्या वाटेतून दूर सरकते. यंत्र थांबले की किरण थांबले. बाहेरून दिलेला हा शेक तिच्या अंगात साठून राहत नाही. तिने नातवाला मांडीवर घ्यावे, एका ताटात जेवावे. तिची भांडी वेगळी ठेवणारी सासूबाई असो की जाऊ, तिला हे कोणीतरी स्पष्ट सांगितले पाहिजे. कर्करोग स्पर्शाने लागत नाही.

शरीराला त्रास होतो, तो लपवू नये. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कातडी लाल, काळसर, कोरडी होते. स्तनाखालच्या घडीत आणि काखेत ती सोलवटू शकते. शेक संपल्यावरही आठ-पंधरा दिवस हा त्रास वाढतो आणि मग उतरतो. सैल सुती कपडे घालावेत, कोमट पाण्याने हलक्या हाताने धुवावे, टॉवेलने घासू नये. हळद, चुना, झाडपाल्याचा लेप, गरम पाण्याची पिशवी, ह्यांतले काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या जागी लावू नये. आपल्याकडचे एप्रिल-मे महिन्याचे ऊन तर त्या कातडीवर पडूच देऊ नये. थकवा येतो, तो आळस नव्हे. दुपारी पडावे, पण रोज थोडे चालावे, कारण चालण्याने हा थकवा हटतो असा अनुभव आहे. बोटांनी भिंतीवर हात चढवणे, स्वतःची वेणी घालणे, असे शिकवलेले व्यायाम सोडू नयेत, नाहीतर खांदा आखडतो. ताप आला, जखम पाझरली, हात सुजला, पुढे काही महिन्यांनी कोरडा खोकला किंवा धाप लागली, तर लगेच सांगावे.

परंतु भगिनींनो आणि बंधूंनो, आमच्या मते शेक मोडतो तो कातडीमुळे क्वचितच. तो मोडतो अंतरामुळे आणि घरामुळे. समजा, रिसोड किंवा मानोरा तालुक्यातील एक बाई आहे. किरणोपचारासाठी तिला अकोला, नागपूर, छत्रपती संभाजीनगर किंवा थेट मुंबई गाठायची आहे. सोयाबीन काढणीला आले आहे, मुलीची परीक्षा आहे, सोबतीच्या माणसाची मजुरी बुडते आहे. तिला स्वतःला तर आता बरेच वाटते आहे. गाठ गेली, दुखत नाही. दहाव्या दिवशी ती म्हणते, "आता बस झालं, घरी चला." आणि घरच्यांनाही मनातून तेच हवे असते. नेमक्या त्या क्षणी घरातील एकाने तरी म्हटले पाहिजे की, सोयाबीन आम्ही काढू, तू उरलेले पाच दिवस पुरे कर. हे वाक्य औषधाइतकेच कामाचे आहे.

ह्या कामी आपला वऱ्हाड निराधार नाही. नागपूरच्या कर्करोग रुग्णालयाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव आहे. १९६८ साली महाराज गेले, ते ह्याच रोगाने. मुंबईत दादरला बाहेरगावच्या रुग्णांना आसरा देणारी धर्मशाळा आहे, ती गाडगेबाबांच्या नावाची. अमरावती जिल्ह्यातल्या ह्या दोन महापुरुषांची नावे आज रोग्यांच्या वाटेवर उभी आहेत. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत किरणोपचारांचा समावेश आहे. रुग्णालय योजनेत आहे काय आणि कागदपत्रे कोणती लागतात, हे निघण्यापूर्वी विचारावे. योजनेतील रुग्णालयांत त्यासाठी आरोग्यमित्र असतात. रुग्णालयाच्या दाखल्यावर रेल्वेही कर्करोग्याला आणि त्याच्या सोबत्याला भाड्यात सवलत देते.

तरीही एक उणीव राहते, ती सरकार भरून काढू शकत नाही. सोबत कोण जाणार? मागे जनावरांना चारा कोण घालणार, लेकरांना डबा कोण देणार? ह्या सभेला जी मंडळे, ज्या पतसंस्था, जे महिला बचत गट आले आहेत, त्यांनी आपापल्या गावात अशी दोन-दोन नावे ठरवून ठेवावीत, असे आम्ही सुचवतो. एक जण सोबत जाईल, दुसरा मागचे घर पाहील. पंधरा दिवसांचाच प्रश्न आहे.

आणि शेवटचा शेक झाल्यावर तिला एकटे सोडू नये. रोज कोणीतरी तपासत होते, ते थांबले की मन अधिक घाबरते. प्रत्येक बारीक कळ म्हणजे रोग परतला, असे वाटू लागते. त्या दिवसांत घरी जाऊन बसावे. उपदेश करू नये, दुसऱ्या रोग्यांच्या मरणाच्या गोष्टी तर मुळीच सांगू नयेत. तिचे ऐकावे, आणि पुढच्या तपासणीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिच्यासमोर लिहून ठेवावी.