डॉक्टरांना विचारायचे कुणी?



वडीलधाऱ्यांना उलट विचारणे आपल्या घरांत बेअदबी समजली जाते. तीच सवय आपण दवाखान्यातही नेतो. डॉक्टरसाहेबांनी चिठ्ठी लिहिली की आपण मान हलवतो, आणि बाहेर येऊन औषधाच्या दुकानदाराला विचारतो, "भाई, ही गोळी कशाची?" ज्याने लिहिली त्याला विचारायला मात्र जीभ वळत नाही.

डॉक्टरांवर विश्वास ठेवू नका, असे माझे मुळीच म्हणणे नाही. विश्वासाशिवाय ऑपरेशनच्या टेबलावर कोण झोपेल? पण विश्वास म्हणजे कोऱ्या कागदावर अंगठा नव्हे.

2019 साली शासनाच्या समितीने बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची माहिती गोळा केली. सुमारे 82 हजार स्त्रियांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. "पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल," अशी भीती घातल्याचे अनेकींनी सांगितले. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेता येते, हे त्यांतल्या किती जणींना ठाऊक असेल? आणि ठाऊक असले तरी, एक खाडा पडला की मुकादम पैसे कापतो. दुसरा डॉक्टर गाठायला दिवस आणायचा कुठून? तेव्हा दोष नुसत्या अज्ञानाला देऊ नका.

शिकल्यासवरल्यांचेही असेच होते. दिल्लीतील एका स्त्रीला तपासणीसाठी भूल दिली होती. ती बेशुद्ध असतानाच तिच्या आईची सही घेऊन तिचे गर्भाशय काढण्यात आले. 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की तपासणीची संमती ही शस्त्रक्रियेची संमती ठरत नाही. जिवाला तातडीचा धोका नसेल, तर सज्ञान स्त्रीऐवजी दुसऱ्या कुणाची सही चालणार नाही. आपल्या घरांत ही सही शौहर नाहीतर सासरे करतात, आणि जिच्या पोटावर सुरी चालायची ती बाई पलंगावर गप्प पडून असते!

डॉक्टरांसाठी 2002 साली झालेल्या नियमांनुसार, रुग्णाने आपले कागदपत्र मागितल्यास ते 72 तासांत द्यावे लागतात. त्यात भीक मागितल्यासारखे काही नाही. अदबीनेच मागा, पण मागा.

विद्यार्थिनींनो, घरात इंग्रजी वाचणाऱ्या बहुधा तुम्हीच असता. पुढच्या वेळी दादीबरोबर दवाखान्यात तुम्ही जा. आजार कोणता, हे औषध कशासाठी, ऑपरेशन महिनाभर थांबवले तर काय होईल, हे तीन प्रश्न वहीत लिहून न्या. उत्तरे तिथेच बसून उतरवून घ्या, आणि घरी आल्यावर दादीला तिच्या बोलीत वाचून दाखवा.